पिशवीएवढे मूळ

पालीला तुम्ही आला असाल, तर बहुधा बल्लाळेश्वराच्या दर्शनासाठी आला असाल. खोपोलीहून वाकणकडे जाणारा रस्ता धरला की जांभूळपाड्यापाशी अंबा नदी भेटते, आणि पाली जवळ आली की पगडीच्या आकाराचा सरसगड समोर उभा राहतो. देऊळ त्याच्या पायथ्याशी आहे. दर्शन घ्यायचे, प्रसाद घ्यायचा, वेळ असेल तर उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जाऊन यायचे आणि परतीला लागायचे, असा यात्रेकरूंचा क्रम आहे. या क्रमात एखादा थांबा आमच्या रोपवाटिकेचाही असतो. कोणी तांबडी जास्वंद घेतो, कोणी शमी, कोणी तुळस. भाद्रपदाच्या तोंडावर एकवीस पत्रींची यादी घेऊन येणारेही असतात. त्या यादीत माका, आघाडा, डोरली, हादगा ही आपल्या बांधावरची मंडळी आहेत आणि हिमालयातला देवदारही आहे. देवदार मागितला की मी हात जोडतो. बाकीच्यांपैकी बहुतेकांची सोय होते.

हे गिऱ्हाईक मला आवडते. रोप कोठे लावायचे, त्याला पाणी कोण घालणार, हे त्याने घरून निघतानाच ठरवलेले असते. पण आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते दुसऱ्या प्रकारच्या गिऱ्हाइकाविषयी, आणि त्याच्यापेक्षा अधिक माझ्याविषयी. हे दुसरे गिऱ्हाईक एकटे नसते. ते शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या, एखाद्या मंडळाच्या किंवा कारखान्याच्या वतीने येते. त्याला रोपे हवी असतात ती शाळेच्या पटांगणासाठी, तळ्याच्या काठासाठी, स्मशानभूमीच्या वाटेसाठी. म्हणजे अशा जागेसाठी, जी सर्वांची असते. घरासाठी रोप घेणारा विचारतो, "याला फळ कधी धरेल?" सर्वांच्या जागेसाठी रोपे घेणारा विचारतो, "किती मिळतील, आणि उंची किती?" या दोन प्रश्नांतले अंतर समजायला मला आयुष्याची पंचवीस-तीस वर्षे आणि एक चक्रीवादळ लागले.

आमची रोपवाटिका वडिलांनी सुरू केली. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. १९९० साली राज्य शासनाने फळबाग लागवडीची रोजगार हमी योजनेशी सांगड घातली आणि कोकणातल्या वरकस जमिनींवर आंबा-काजूची कलमे लावण्याची लाट आली. अण्णांनी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या पद्धतीने कोय कलम बांधणे शिकून घेतले. आंब्याची कोय रुजून तिचा कोवळा तांबूस कोंब वर आला, की त्यावर हापूसची काडी बसवायची आणि पट्टीने घट्ट बांधायची. दिवसभर मान खाली घालून हे काम चाले. वेंगुर्ल्याच्या काजूचीही कलमे आम्ही करू लागलो. कलमांवर घर चालले, आमची शिक्षणे झाली. जंगली झाडांची रोपे त्या काळी वाटिकेच्या एका कडेला असत, आणि त्यांना मागणीही तेवढीच असे.

त्या रोपांसाठी बी गोळा करण्याचे काम आसपासच्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांवरील बायका करीत. आजही त्याच करतात. कोणत्या डोंगराच्या कोणत्या घळीत कोणते झाड आहे आणि ते यंदा फळले आहे की नाही, हे त्यांना पाठ असते. पौष-माघात बेहडा येतो, पुढे ऐन आणि किंजळ, वैशाखात करंज, आणि पाऊस तोंडावर आला की जांभूळ आणि मोह. प्रत्येक बियांचा स्वभाव वेगळा. जांभळाच्या बीला उशीर खपत नाही. ती आठ-पंधरा दिवसांत मातीत गेली नाही तर तिची रुजण्याची ताकद झपाट्याने जाते. रुजली की मात्र एका बीमधून दोन-तीन कोंब निघतात. बहाव्याचे बी याच्या उलट. त्याचे कवच इतके कठीण की गरम पाण्यात घालून रात्रभर ठेवल्याशिवाय ते मन वळवीत नाही. सागाचे बी काही दिवस भिजवावे आणि उन्हात वाळवावे, पुन्हा भिजवावे आणि पुन्हा वाळवावे लागते, तेव्हा कोठे ते जागे होते. या कामात घाई आणि आळस दोन्ही नडतात. हे सारे मला येत होते. म्हणूनच माझ्या हातून जे घडले ते अज्ञानामुळे घडले, असे म्हणण्याची सोय मला उरलेली नाही.

तालुक्यातल्या एका गावच्या शाळेने २००५ साली पटांगणाच्या कडेने लावण्यासाठी रोपे मागितली. पटांगण उघडेबोडके होते. मुले प्रार्थनेला उभी राहिली की उन्हाने त्यांचे डोळे बारीक होत. गुरुजींची एकच अट होती: सावली लवकर पडली पाहिजे. लवकर सावली म्हटले की आम्हा रोपवाटिकावाल्यांच्या तोंडी दोन-तीन नावे तयारच असतात. मी गुलमोहर आणि रेन ट्री सुचवले. गुलमोहर मूळचा मादागास्करचा आणि रेन ट्री अमेरिकेतला, पण दोघेही आता इतके रुळले आहेत की ते परके आहेत असे कोणाला सांगितले तर तो हसतो. सोबत थोडे करंज आणि बहावे घातले. रोपे तयार झाली. पाऊस सुरू झाला. पण खर्चाची मंजुरी ज्या कार्यालयातून यायची होती तेथून ती त्या पावसात आली नाही. रोपे माझ्याकडेच राहिली.

आता येथे थोडे तांत्रिक बोलावे लागेल. ते कृपा करून वाचा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. रोपवाटिकेत रोप वाढते ते काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. तांबडी माती, शेणखत आणि वाळू यांचे मिश्रण त्या पिशवीत भरलेले असते. बी रुजले की सोटमूळ सरळ खाली जाते. जंगलात ते असेच खाली जात राहिले असते. पिशवीत काही महिन्यांतच त्याला तळ लागतो. तळ लागला की ते थांबत नाही, वळते. पिशवीच्या कडेने फिरू लागते. एक वेढा, दोन वेढे. बाजूची मुळेही त्याच वाटेने फिरतात. वरून पाहणाऱ्याला यातले काही दिसत नाही. वर पाणी आणि खत मिळत असते, रोप हिरवेगार असते, उंच होत असते. अशा वेळी रोपवाटिकावाल्याने दोन गोष्टी करायच्या असतात. रोप वेळेवर जमिनीत जाणार नसेल तर ते मोठ्या पिशवीत बदलायचे, आणि बदलताना वेढे घेतलेली मुळे छाटून टाकायची. मोठ्या पिशव्यांना पैसे लागतात, त्या भरायला माती आणि मजुरी लागते. मंजुरी मिळेल की नाही याचीच खात्री नव्हती. मी पैसे वाचवले. रोपे त्याच लहान पिशव्यांत आणखी एक वर्ष ठेवली आणि खत थोडे वाढवले.

पुढच्या पावसात मंजुरी आली. रोपे तोवर माणसाच्या छातीइतकी झाली होती. टेम्पोतून ती उतरवताना गुरुजींचा चेहरा फुलला. "दादा, तुम्ही तर झाडंच आणलीत!" असे ते म्हणाले. मुलांनी खड्डे भरले, पाहुण्यांनी पाणी घातले, छायाचित्र निघाले. पिशव्या ब्लेडने फाडून काढायच्या असतात. घाईत काही रोपांची पिशवी फक्त तळाशी फाडली गेली. मी तेथे उभा होतो. मी पाहिले आणि काही बोललो नाही. इतक्या आनंदाच्या प्रसंगी पाहुण्यांच्या हातातले रोप काढून घेऊन त्याची मुळे छाटत बसणे मला प्रशस्त वाटले नाही.

झाडे जगली. हे मुद्दाम सांगतो, कारण सार्वजनिक लागवडीतली पुष्कळ रोपे दुसरा उन्हाळा पाहत नाहीत. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि नंतरचे सात-आठ महिने आभाळ कोरडे असते. पावसात लावलेले रोप पौषानंतर कोणाचे असते, हा खरा प्रश्न असतो. त्या गावाने तो सोडवला होता. मुलांनी पाळ्या लावून डबड्याने पाणी घातले, काट्यांची कुंपणे केली, एका सुट्टीत गुरुजी स्वतः राहून पाणी घालत होते. सात-आठ वर्षांत पटांगणाच्या कडेला खरोखरच सावली झाली. चैत्र-वैशाखात गुलमोहर पेटले की रस्त्यावरून जाणारी एसटी क्षणभर हळू होते, असा मला भास होई. कोणी नवीन गिऱ्हाईक आले की मी त्याला सांगे, "ती शाळा बघून या. ती आपली झाडं आहेत."

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. टाळेबंदीचे दिवस होते. लोक आधीच घरात होते. दुपारी वाऱ्याचा जो आवाज सुरू झाला तो ज्यांनी ऐकला त्यांना वर्णनाची गरज नाही, आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांना तो शब्दांत सांगता येणार नाही. श्रीवर्धन, मुरूड, अलिबागकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची आंब्याची झाडे पडली. आमच्या तालुक्यातही घरांची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले, रस्त्यांवर झाडे आडवी झाली. आमच्या वाटिकेचे शेडनेट फाटून दूरच्या शेतात जाऊन पडले होते. रस्ते थोडे मोकळे झाल्यावर मी त्या शाळेकडे गेलो.

पटांगणाच्या कडेची नऊ झाडे पडली होती. तुमच्यापैकी ज्यांनी ज्ञानेश्वरीचा पंधरावा अध्याय अभ्यासला असेल त्यांना वर मुळे आणि खाली फांद्या असलेला तो अश्वत्थ आठवेल. संसाराचे रूप सांगण्यासाठी योजलेली ती प्रतिमा आहे. तिचा आणि माझ्या व्यवहाराचा संबंध नाही. पण मुळे वर करून पडलेले झाड मी त्या दिवशी जितके जवळून पाहिले तितके कधीच पाहिले नव्हते. गुलमोहराचा बुंधा हाताच्या कवेत न मावणारा झाला होता. आणि त्याच्या मुळाशी, बरोबर मधोमध, मुळांचा एक पिळलेला गोळा होता. चौदा वर्षांत तो जाड झाला होता, दगडासारखा कठीण झाला होता, पण त्याचा घाट बदललेला नव्हता. तो माझ्या पिशवीचा घाट होता. त्या गोळ्यातून दोन-चार मुळे एका बाजूला गेली होती. दुसरी बाजू जवळजवळ रिकामी होती. दोन झाडांच्या मुळांत काळ्या प्लास्टिकची चिंधी अजून अडकलेली होती. शेजारच्या झाडांकडे गेलो. तेथेही तेच.

गुरुजी आता निवृत्त झाले होते. तेही काठी टेकत आले. ते म्हणाले, "वादळापुढे कोणाचं काय चालणार, दादा? तुम्ही मनाला लावून घेऊ नका." त्यांच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. पिशवी कधी न पाहिलेली, कोयीपासून जागीच वाढलेली झाडेही त्या वाऱ्यात पडली होती. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ असते, त्याची मुळे उथळ असतात, तो वाऱ्यात पडतोच, असेही मी सांगू शकलो असतो. प्रत्येक विधान खरे ठरले असते. मुळांतला तो गोळा ओळखणारा मनुष्य त्या पटांगणात मी एकटाच होतो. मी मान हलवली आणि घरी आलो.

विद्यार्थीमित्रहो, मनुष्याला स्वतःच्या चुकीचा साक्षीदार एकटाच असण्याची सवय फार लवकर लागते. मी ती आठ-दहा दिवस चांगली जोपासली. पण एक गोष्ट मला झोपू देईना. नऊ झाडे पडली होती, पण लावली होती बावीस. उरलेली तेरा उभी होती. तीही त्याच वर्षीची, त्याच पिशव्यांतली होती. शाळा त्या वेळी बंद होती म्हणून पटांगण रिकामे होते. ती कधीतरी उघडणार होती, आणि मुले त्याच सावलीत डबे खायला बसणार होती.

पावसाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात दहा-बारा माणसांची बैठक झाली; सगळ्यांच्या तोंडाला मुखपट्ट्या होत्या. नवी झाडे कोणती लावावी याची चर्चा चालली होती. मला रोपांचा अंदाज देण्यासाठी बोलावले होते. मी अंदाज बाजूला ठेवला आणि २००५ सालच्या पिशव्यांविषयी सांगितले. कोणी विचारले नसताना सांगितले याचे मोठेपण मला घ्यायचे नाही; मधल्या दिवसांत मी ते कितीदा टाळले हे मलाच ठाऊक आहे. थोडा वेळ कोणी बोलले नाही. कोणी रागावलेही नाही. राग आला असता तर बरे वाटले असते. मग मागच्या बाजूने एका पालकाने विचारले, "मग राहिलेल्या झाडांचं काय करायचं?" त्या एका प्रश्नाने माझ्या कबुलीजबाबाला त्याच्या जागी बसवले. माझे मन हलके होणे हा बैठकीचा विषय नव्हता. विषय उभ्या झाडांचा होता.

वनविभागातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत. ते आणि मी, आमच्याबरोबर गावातली चार मुले, असे आम्ही खुरपी घेऊन एकेका झाडाच्या बुंध्याभोवतीची माती हळूहळू उकरली. मुळे चारी बाजूंना गेली आहेत का, की एखादे मूळ बुंध्यालाच वेढा घालून बसले आहे, हे पाहायचे होते. करंज आणि बहावे बहुतेक सुस्थितीत निघाले. काही झाडांचे वेढे घेणारे मूळ छाटून त्यांना मोकळे करता आले. काहींचा वरचा भार कमी करून वाऱ्याला वाट करून दिली. तीन झाडे ठेवण्यासारखी नव्हती. रीतसर परवानगी घेऊन ती तोडली. त्यांतल्या एकावर मुलांनी आपली नावे कोरलेली होती. चांगली हिरवी, फुललेली झाडे निव्वळ मुळाच्या संशयावरून तोडताना गावकऱ्यांना काय वाटले असेल, याची कल्पना तुम्ही करू शकाल. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र तुमच्या वाचनात आले असेल. आरमारासाठी लाकूड हवे असले तरी रयतेची आंब्या-फणसासारखी झाडे बळाने तोडू नयेत, कारण ती लहानपणापासून पोटच्या पोरासारखी जतन केलेली असतात, असा भाव त्यात आहे. तो भाव मी पाठ्यांश म्हणून वाचला होता. त्या दिवशी करवतीच्या आवाजात तो मला कळला.

त्यानंतर आमच्या वाटिकेच्या कामात काही बदल झाले. पिशवीचे वर्ष आम्ही खडूने पाटीवर लिहून ठेवतो. एका पावसापेक्षा जास्त थांबलेले रोप मुळे तपासल्याशिवाय बाहेर जात नाही. काही जातींसाठी आम्ही रूट ट्रेनर वापरतो. हे उभ्या रेघा असलेले कप असतात. त्या रेघांमुळे मूळ गोल न फिरता खाली जाते, आणि कप मांडणीवर अधांतरी ठेवलेला असल्यामुळे तळाच्या छिद्रातून बाहेर डोकावलेले मूळ हवा लागून आपोआप थांबते. लागवडीच्या दिवशी आमचा एक मनुष्य धारदार सुरी घेऊन जातो. पिशवी पूर्ण काढायची, मातीच्या गोळ्याला तीन-चार बाजूंनी वरून खाली उभा काप द्यायचा, तळाशी गुंडाळी झालेली मुळे काढून टाकायची आणि मगच रोप खड्ड्यात ठेवायचे. पाहणाऱ्याला हे क्रूर वाटते. "अहो, मूळच कापताय की!" असे कोणीतरी हमखास म्हणते. पण कापलेल्या टोकापासून नवे मूळ बाहेरच्या दिशेने फुटते. न कापलेले मूळ जुन्या वाटेनेच फिरत राहते. पिशवी केव्हाच निघून गेलेली असते, तरीही.

याची किंमत आहे, आणि तीही सांगितली पाहिजे. आमची रोपे आता इतरांपेक्षा बुटकी दिसतात. महाराष्ट्रात २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहेतीस कोटी वृक्ष लावण्याचे उद्दिष्ट शासनाने ठेवले होते. त्या काळात संस्था आणि मंडळे रोपे शोधत दारात उभी राहत, आणि बहुतेकांना माणसाएवढे रोप हवे असे. त्या उत्साहाला मी नावे ठेवत नाही. त्या निमित्ताने हजारो माणसांनी आयुष्यात प्रथमच हातात कुदळ घेतली. पण संख्या मोजता येते, उंची मोजता येते, आणि या दोन्ही गोष्टी लागवडीच्या दिवशीच मोजून होतात. मूळ त्या दिवशी मोजता येत नाही. ते मोजणारा असतो एखादा वारा, पंधरा वर्षांनी येणारा. तोपर्यंत देणारा, घेणारा आणि छायाचित्रातले पाहुणे यांपैकी कोणीच जागेवर नसते. म्हणून सर्वांच्या जागेसाठी रोप देणाऱ्यावर अधिक जबाबदारी येते. घरासाठी रोप नेणारा चार महिन्यांनी येऊन भांडतो. सर्वांची जागा भांडायला येत नाही.

कोकणातल्या देवराया तुम्ही पाहिल्या असतील. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व लोकांपुढे मांडले. देवराई हीही सर्वांची जागा आहे, पण तिला रोपवाटिका लागली नाही. पाखरांनी टाकलेले, वाऱ्याने आणलेले बी जेथे पडले तेथेच रुजले. त्याच्या मुळाने पिशवीचा तळ कधी पाहिला नाही. शिवाय तेथले झाड कोणी तोडायचे नाही, हा निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतला होता. रोपवाटिकेतून असे रान विकत मिळत नाही. मिळते ते फक्त रोप, आणि ते प्रामाणिकपणे दिले पाहिजे, एवढेच माझ्या हातात आहे.

तुमच्यापैकी अनेकांचे शिक्षण मध्येच थांबले असेल आणि कामधंदा, मुलेबाळे सांभाळून तुम्ही ते आता पुन्हा हाती घेतले असेल. रोपाची उपमा माणसाला फार ताणू नये, हे मला कळते. तरी माझ्या कामातली एक गोष्ट तुम्हाला सांगाविशी वाटते. पिशवीत दोन-दोन वर्षे थांबलेली रोपे आम्ही पूर्वी फेकून देत असू किंवा तशीच विकत असू. आता दोन्ही करीत नाही. वेढे कापून, मोठ्या पिशवीत बदलून आम्ही ती सावलीत ठेवतो. पहिले काही आठवडे ती पाने टाकतात, मेल्यासारखी दिसतात. बरीचशी पुढे नवी पालवी धरतात. थांबलेल्या रोपाचे नुकसान थांबण्याने जितके होते, त्यापेक्षा अधिक ते जुने वेढे तसेच राहू दिल्याने होते, एवढे माझ्या अनुभवाने मला शिकवले आहे.

त्या शाळेच्या पटांगणात आम्ही २०२१ च्या पावसात पुन्हा रोपे लावली. या वेळी ताम्हण, करंज, बकूळ, किंजळ आणि दोन जांभळे. रोपे गुडघ्याएवढीच होती. "एवढीशी?" असे लोक म्हणाले, आणि त्यांचे बरोबर होते, सावलीसाठी त्या मुलांना थांबावे लागणार आहे, आणि काही मुले सावली न पाहताच शाळा सोडून जातील. रोपांचे पैसे मी घेतले नाहीत. त्याने हिशेब पुरा झाला असे मी मानत नाही. ज्येष्ठात वाऱ्याचा आवाज बदलला की मी आजही त्या उभ्या असलेल्या दहा झाडांचा विचार करतो. पाऊस लागण्यापूर्वी एकदा जाऊन त्यांच्या बुंध्याशी माती उचलली गेली आहे का, भेग पडली आहे का, हे पाहून येतो.

येत्या आषाढात तुमच्या गावी, तुमच्या कचेरीत किंवा मुलाच्या शाळेत कोणीतरी तुमच्या हातात एक रोप देईल. छायाचित्र काढणारा समोर उभा असेल. त्याला थोडे थांबायला सांगा. पिशवी पूर्ण काढा, रोप उलटे करून तळाकडे पाहा. मुळे गोल फिरलेली दिसली तर सुरी मागून घ्या. ती नसेल तर ब्लेड चालेल.